नागोरावांच्या वरच्या मजल्यावरची चोरी

१

“दीपाताई, कमोड चोरीला गेला.”

सोमवारी सकाळी नऊ वाजता फोनवर हे ऐकलं आणि मी चक्क हसले. पलीकडे कुंभवलीचे नागोराव होते. ते हसले नाहीत. “तुम्ही येता का? इथं धर्मेश सुकाला मारायला उठलाय,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

मी दीपा तामोरे. बोईसरच्या बाजारात माझं दहा बाय बाराचं ऑफिस आहे. घर बांधणारी, घर वाढवणारी माणसं ठेकेदाराचं कोटेशन घेऊन माझ्याकडे येतात आणि त्यात कुठे हात मारलाय ते मी पाचशे रुपयांत सांगते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मोजून घ्या, लादी दहा टक्के जास्त आणि एकाच बॅचची घ्या, ठेकेदाराला कामाच्या पुढे पैसे देऊ नका, हिशेबाबाहेरच्या खर्चासाठी लाखामागे पंधरा हजार बाजूला ठेवा. सत्तावीस वर्षं मी हेच सांगते आहे. माझं स्वतःचं घर नाही. ऑफिसच्या वर भाड्याची खोली आहे, तिथे मी एकटी राहते आणि तिच्या गळक्या भिंतीबद्दल घरमालकाशी भांडते.

नागोराव मूळचे नांदेडकडचे. एमआयडीसीतल्या कापडाच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली आणि कुंभवलीत तळमजल्याचं घर बांधलं. तीन वर्षांपूर्वी इंदुबाई गेल्या. त्यानंतर एक दिवस ते फंडाच्या पैशांचा कागद घेऊन माझ्यासमोर बसले. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम काढायचं होतं. मुलगा भाग्येश वसईला भाड्याने राहत होता. तो, सून आणि नात स्वरा वर राहायला येतील, म्हणाले. “एकट्यानं किती दिवस टीव्हीशी बोलायचं, ताई?” हे त्यांनी हसत विचारलं होतं. मी त्यांना सळईचा भाव सांगितला.

त्या मजल्यात त्यांचा सगळा फंड गेला होता. पैशांपेक्षाही मोठं असं काहीतरी त्यात गुंतलं होतं. पाडव्याला वास्तुशांत होती आणि त्याच दिवशी भाग्येश सामान घेऊन येणार होता. खरं तर हे सगळं माघातच व्हायचं, पण चोऱ्यांमुळे लांबलं होतं.

मी रिक्षाने कुंभवलीला पोचले तेव्हा अंगणात धर्मेश ठेकेदार सुकाची कॉलर धरून उभा होता.

“ताई, तुमी मधे पडू नका,” तो मला म्हणाला. “आता तिसरी वेळ हाय. आधी बाथरूमचा डायव्हर्टर गेला. मग किचनच्या लादीचे दोन बॉक्स. आता कमोड! रात्री साइटवर झोपतो कोण? हाच ना?”

सुका धर्मेशकडचा मजूर, जव्हारकडच्या पाड्यावरचा. चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. “मी नाय नेला,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. “मी शनवारी पगार घेऊन घरा गेलू. आज सकालच्या गाडीन आलू.”

“आणि रविवारी रात्री येऊन परत गेला असशील!”

नागोराव व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. त्यांचे गुडघे कामातून गेलेत, त्यामुळे काम सुरू झाल्यापासून ती खुर्ची हीच त्यांची साइट. तिथूनच ते मान वर करून बघतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात.

“उद्या सकाळपर्यंत कमोड नाय आला तर मी याला पोलीस स्टेशनला नेणार,” धर्मेश म्हणाला. “नायतर माझं नाव खराब होतं. गावात आतापासूनच बोलतात, धर्मेशच्या साइटवर चोऱ्या होतात.”

मी वर गेले. जिन्याला अजून कठडा नव्हता, पायऱ्याही नुसत्या सिमेंटच्या, एक उंच तर एक बुटकी. सामानाची खोली उघडी होती. कुलूप फोडलेलं नव्हतं, कारण किल्ली खाली व्हरांड्यातल्या खिळ्याला असते, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. खोलीत कमोड ठेवलेल्या जागी धुळीत चौकोन उमटला होता. त्या चौकोनाला लागूनच तांब्याच्या वायरीची चार बंडलं पडली होती. त्यांची किंमत कमोडच्या तिप्पट, वजन एका हाताने उचलेल इतकं, आणि भंगारवाला डोळे झाकून घेईल असा माल.

वायर तशीच ठेवून कोणीतरी पंचवीस किलोचं चिनीमातीचं भांडं बिनकठड्याच्या जिन्यावरून खाली नेलं होतं.

२

मी पोलीस नाही. पण सत्तावीस वर्षं लोकांच्या घरांत नाक खुपसल्यावर कोण खोटं बोलतंय ते जरा कळायला लागतं. ठेकेदाराचं खोटं तर मला वासावरून कळतं.

म्हणून आधी धर्मेशलाच घेतलं. “रविवारी कुठे होतास?”

“माझ्यावर संशय?” त्याने छाती पुढे काढली. “दातिवऱ्याला स्लॅब होता माझा. सकाळी सातला मिक्सर चालू झाला तो संध्याकाळी थांबला. मग स्लॅबचं जेवण. रात्री अकराला घरी आलो.”

स्लॅब पडत असताना ठेकेदार साइट सोडत नाही. सोडली तर मालक आणि मजूर दोघंही त्याला उभा चिरतील. तरीही मी दातिवऱ्याला माझ्या वहिनीला फोन लावला, कारण तो स्लॅब तिच्या शेजाऱ्यांचाच होता. धर्मेश दिवसभर तिथेच होता, जेवणाला तर तिसऱ्यांदा भात घेतला, असं तिने सांगितलं. “बाकी काय?” तिने विचारलं. मी “बाकी काही नाही” म्हणाले आणि फोन ठेवला. भावाच्या घरी जाऊन मला वर्ष झालं होतं.

मग मी सुकाला घेऊन मागच्या पडवीत बसले. त्याला बिडी पेटवू दिली.

“कमोड कधी आला तुला माहीत होतं?”

“शनवारी येनार व्हता. मी निंगालू तवर आला नव्हता.”

खरं होतं. नागोरावांकडचं दुकानाचं चलन मी बघितलं. त्याच्यावर रविवारची तारीख होती आणि टेम्पोवाल्याने सकाळी दहाची वेळ लिहिली होती.

“आता कमोड नाही म्हणजे बाथरूमचं काम अडणार ना?” मी सहज विचारलं.

सुका पहिल्यांदाच हसला. “ताय, तुमीच असा बोलता? तो भांडा समद्यात शेवटी बसतो. लादी झाली, रंग झाला का मंग. वर बघा, कारागीर लादी लावतोच हाय.”

वरून खरंच लादी ठोकण्याचा आवाज येत होता. माझा मलाच राग आला, की सत्तावीस वर्षांच्या अनुभवाची बाई आणि मजुराकडून शिकते. पण त्याच्या बोलण्यातलं काहीतरी मला टोचत राहिलं, आणि काय ते कळत नव्हतं.

“पोलिसांकडं नेला का माजी कामा जातील,” सुका म्हणाला. “बोईसरला कोन ठेवनार मग? घरा जमिनीचा तुकडा हाय, पन तो पावसाला पिकला तर पिकला.”

मी त्याला धीर दिला. धीर द्यायला पैसे पडत नाहीत, पण त्याच्यामागे माझ्याकडे काहीच नव्हतं.

निघताना नागोरावांना विचारलं, रविवारी घरी कोण होतं.

“कोण असणार? भाग्येश आलता की स्वराला घेऊन, दर रविवारसारखा. मटण केलं होतं. मी दुपारी जरा पडलो. चारला निघाले ते. सून येत नाही, तिला सुट्टी नसती.” मग एकदम खुलून म्हणाले, “स्वरा म्हणली, आजोबा, वरच्या खिडकीत मी माझी झाडं ठेवणार. मी म्हणलं, ठेव.”

“भाग्येश काय म्हणतो चोरीबद्दल?”

“तो म्हणतो, पोलिसांच्या भानगडीत पडू नका पप्पा, मी आणून देतो नवा. मागच्या दोन्ही वेळेला त्यानंच आणून दिलं, पंधरा दिवस लागले इतकंच. गुणी पोरगा हाय.”

३

दुपारी ऑफिसात डबा खाताना मी तिन्ही चोऱ्या एका कागदावर लिहिल्या. आधी डायव्हर्टर, म्हणजे भिंतीच्या आत बसणारा शॉवरचा नळ. तो गेल्याने बाथरूमची भिंत बंद करता येईना आणि पंधरा दिवस गेले. मग लादीचे दोन बॉक्स. ते कमी पडल्याने स्वयंपाकघराची फरशी सुरू करता येईना, आणखी पंधरा दिवस. दोन्ही वस्तू फार महाग नव्हत्या, पण त्यांच्यावाचून काम ठप्प झालं होतं. म्हणजे या चोराला माल नको होता, त्याला दिवस हवे होते.

कोणाला तरी हे घर पुरं व्हायला नको होतं.

इथवर मी खूश होते. पण कमोड या हिशेबात बसत नव्हता. कमोड नेल्याने एक दिवसही जात नाही, हे मला सुकाने सांगितलं आणि ते सगळ्या कारागिरांना माहीत असतं. मग चोराला का माहीत नव्हतं? आणि माहीत नव्हतं तर कमोड नेल्याने काम थांबेल असं त्याला वाटलं तरी कुठून?

डबा अर्धा ठेवून मी फाइल काढली.

घर बांधणाऱ्या प्रत्येकाला मी एक कागद देते. ‘कामाआधी काय हजर हवं.’ कुठल्या कामाआधी कुठली वस्तू साइटवर लागते, कशावाचून काम अडेल, ते क्रमाने लिहिलेलं असतं आणि अडवणाऱ्या वस्तूंखाली रेघ असते. कागदाच्या डोक्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, की ठेकेदाराला दाखवू नये. आपलं काम कशावर अडलंय हे ठेकेदाराला कळलं की तो आपल्याला तिथेच धरतो, म्हणून.

नागोरावांच्या कागदावर तीन ठिकाणी रेघ होती. पहिली डायव्हर्टरखाली. दुसरी ‘लादी, पूर्ण, एकाच बॅचची’ याखाली. आणि तिसरी अशी: ‘संडासचं भांडं. हे आधी आलं नाही तर फरशी थांबेल.’

मी कपाळावर हात मारला. नागोरावांचा कागद मी आधीच्या एका गिऱ्हाइकाच्या, दातिवऱ्याच्या प्रफुल्लच्या कागदावरून उतरवला होता. प्रफुल्लकडे खाली बसायचा देशी संडास होता आणि ते भांडं फरशीत पुरावं लागतं, आधी ते आणि मग भोवतीने लादी. नागोरावांना गुडघ्यांमुळे खुर्चीसारखा कमोड हवा होता आणि तो फरशीवर शेवटी बसतो. मी ओळ बदलायला विसरले होते. कारागिराने ती चूक पाहताक्षणी पकडली असती, पण कारागिराला तो कागद दाखवायचाच नव्हता.

चोराने माझ्या कागदाप्रमाणे, माझ्याच क्रमाने चोरी केली होती आणि माझ्या चुकीसकट केली होती. त्यामुळे धर्मेश सुटला, सुका सुटला, बोईसरमधला बांधकामावर काम करणारा प्रत्येक माणूस सुटला. चोराला बांधकामातलं काही कळत नव्हतं, आणि माझा कागद त्याच्याजवळ होता.

तो कागद मी एकाच माणसाच्या हातात दिला होता. नागोरावांच्या.

मला फार वाईट वाटलं. आणि लाज वाटते सांगायला, पण मला ते समजलंही. घराचं काम चालू असतं तेव्हा सकाळी नऊला चार माणसं येतात. अकराला चहा होतो, चारला होतो. कोणीतरी “काका, पाणी द्या” म्हणतं. काम संपलं आणि मुलगा आला तर ठीक. पण मुलगा येईल की नाही याचा भरवसा नसेल, तर काम संपू नये असं कोणालाही वाटेल. माझ्याकडे पाचशे रुपये देऊन येणारी माणसं उठायला लागली, की मीही कधीकधी विनाकारण रंगाचा विषय काढते.

४

मंगळवारी सकाळी धर्मेश आधीच आला होता. त्याने सुकाला मोटरसायकलच्या मागे बसायला सांगितलं होतं आणि सुका बसत नव्हता.

“थांब,” मी म्हणाले. “चोर सुका नाही.” आणि व्हरांड्यात नागोरावांसमोर स्टूल ओढून बसले. त्यांना एकटं गाठून सांगायचा माझा बेत होता, पण धर्मेश हलायला तयार नव्हता. मग मी सगळं तिथेच सांगितलं, रेघा, क्रम आणि माझी चूक. “काका, हे ज्याने केलं त्याच्याकडे माझा कागद आहे. आणि तो कागद मी फक्त तुम्हाला दिला होता.”

नागोराव माझ्याकडे बघत राहिले. त्यांना आधी काही कळलं नसावं. मग त्यांची नजर बाजूला पडलेल्या मोबाइलवर गेली आणि तिथेच थांबली. चेहरा असा उतरला की मला बघवेना.

“हाव,” ते सावकाश म्हणाले. “मीच केलं. मीच लपवलं सगळं. सुकाला सोडा. त्याचे दोन दिवसाचे पैसे मी देतो.”

धर्मेशचा आ वासला. “काका, तुमी? का पण?”

“एकट्याला करमत नाही म्हणून. काम चालू ऱ्हावं म्हणून. झालं का समाधान?”

माझाच तर्क त्यांनी माझ्या पदरात टाकला होता. धर्मेश ओशाळून मोटरसायकलशी चाळा करू लागला, सुका वर कामाला गेला. मी जिंकले होते. पण सुकाच्या मागोमाग जिना चढताना चौथ्या पायरीवर मी भिंत धरली, कारण पाय लटपटला, आणि तशीच उभी राहिले.

पंचवीस किलोचं भांडं, बिनकठड्याचा जिना, आणि काम सुरू झाल्यापासून एकदाही वर न आलेले नागोराव.

मी तशीच खाली आले. “काका, कमोड खाली कसा आणला?”

त्यांनी मोबाइल उलटा करून ठेवला.

“कुठे ठेवलाय?”

“फेकला.”

“कुठे?”

“ताई,” ते इतक्या हळू म्हणाले की धर्मेशलाही ऐकू गेलं नाही, “आता जाऊ द्या ना.”

मग मला त्यांच्या मोबाइलकडे बघण्याचा अर्थ लागला. कागद देताना मीच त्यांना बजावलं होतं, की कागद हरवतात, याचा फोटो काढून मुलाला पाठवून ठेवा.

५

संशय आणि पुरावा यांत फरक असतो. मी परत वर गेले आणि स्वयंपाकघरातल्या लादीचे रिकामे बॉक्स शोधले. सुकाने ते नीट घडी करून कोपऱ्यात ठेवले होते. माल उतरल्या दिवशी मी प्रत्येक बॉक्सवरच्या बॅच नंबरचा फोटो घेते, कारण बॅच बदलली की रंगात फरक पडतो आणि मग फरशीला ठिगळ लावल्यासारखं दिसतं. सोळा बॉक्स आले होते. दोन चोरीला गेले आणि पंधरा दिवसांनी भाग्येशने वसईच्या दुकानातून दोन नवे आणले.

आता तिथे सोळा बॉक्स होते आणि सोळाही एकाच बॅचचे होते, त्याच तारखेचे, त्याच शेडचे. वेगळ्या गावच्या दुकानात पंधरा दिवसांनी तीच बॅच मिळाली असती, तर माझा अर्धा धंदाच बंद पडला असता. भाग्येशने नेलेले बॉक्सच परत आणले होते.

मी त्याला फोन केला. “कमोड तुझ्या गाडीत आहे की घरी?” विचारलं. पलीकडे दार लागल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “मॅडम, मी येतो.”

दुपारी तीनला तो माझ्या ऑफिसात आला. छत्तीस-सदतीसचा, इस्त्रीचा शर्ट, चांगल्या घरातला मुलगा. पाणी प्यायला आणि ग्लास हातातच धरून बसला.

“आमचा फ्लॅट झालाय,” तो म्हणाला. “वसईला. कर्ज काढून. दोन वर्षांपूर्वी बुक केला. बायकोची नोकरी तिकडे, स्वराची शाळा तिकडे. पुढच्या महिन्यात ताबा आहे.”

“आणि वडिलांना सांगितलं नाहीस.”

“सांगणारच होतो. एका रविवारी ठरवून आलो, तर त्यांनी मला दाखवलं, कॉलमचे खड्डे खणलेले. मला म्हणाले, याच्यावर तुझी खोली. मी कसं सांगणार होतो? मग प्रत्येक रविवारी अजून थोडं बांधलेलं असायचं.” त्याने ग्लास खाली ठेवला. “वास्तुशांतीची तारीख निघाली तेव्हा मला झोप लागेना. काम थोडं लांबलं तर तेवढ्यात काहीतरी मार्ग निघेल, एवढंच डोक्यात होतं. तुमचा कागद फोनमध्ये होता.”

“तुझ्यामुळे एक माणूस आज पोलीस स्टेशनला जाणार होता. तुला त्याचं नाव तरी माहीत आहे का?”

त्याला माहीत नव्हतं.

मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि तरीही त्याला चोर म्हणवेना. मी स्वतः भावाला वर्षभर ‘येते येते’ म्हणते आणि जात नाही. माणसं वाईट नसली तरी अशी वागतात. “सुकाची माफी माग,” मी म्हणाले. “आणि वडिलांना आज सांग. आज नाही सांगितलंस तर मी सांगेन आणि मला गोड बोलता येत नाही.”

“त्यांना कळलंय का, की मी…”

“त्यांनी चोरी स्वतःवर घेतली,” मी सांगितलं.

तो टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. मी उठून पंख्याचा वेग वाढवला. 

६

आम्ही दोघं कुंभवलीला गेलो तेव्हा उन्हं उतरली होती. भाग्येश आधी सुकाकडे गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. सुकाने मान हलवली आणि गाडीच्या डिकीतून कमोडचं खोकं काढून वर नेलं. मग भाग्येश वडिलांच्या समोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. मी फाटकाशी थांबले होते, पण नागोरावांनी मला हाताने बोलावून घेतलं. त्या वेळी त्यांना कोणीतरी तिऱ्हाईत तिथे हवं असावं.

ऐकून झाल्यावर त्यांनी एकदा वरच्या मजल्याकडे बघितलं. मग विचारलं, “कितवा मजला?”

“चौथा, पप्पा.”

“लिफ्ट हाय?”

“आहे.”

“ताबा घेताना या ताईंना घेऊन जा. लादी वाजवून बघ. पोकळ लागली तर बदलून माग. सगळे नळ एकदम सोडून बघ पाणी कसं येतंय. बिल्डर घाई करतो, तू करू नको.” एवढं बोलून त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. “मला आधी सांगायचं होतं रे. मी वर एकच खोली काढली असती.”

भाग्येश “तुम्ही आमच्याकडे चला” म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटलं, हे मला दिसलं. नागोरावांनाही दिसलं असावं. वसईला वन बीएचके आहे, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. “येत जाईन की,” एवढंच म्हणाले. साडेसहाला भाग्येश गेला. जाताना दोनदा मागे वळला.

कारागीर हात धुऊन निघाले. धर्मेश उद्या येतो म्हणून गेला. शेजारच्या कारखान्याची पाळी सुटली, माणसांनी भरलेल्या बस गेल्या आणि गल्ली एकदम गप्प झाली. मीही निघायला हवं होतं. निघाले नाही.

“ताई,” नागोराव म्हणाले, “नवं एस्टिमेट करून द्या. वर भाडेकरू ठेवायचा तर काय काय लागेल?”

मला बरं वाटलं. हे मला येतं. मी वही काढली आणि वेगळं मीटर, बाहेरच्या बाहेर जिना, पाण्याची वेगळी टाकी लिहीत गेले. “काका, कारखान्यातली चार एकटी पोरं ठेवा,” मी नेहमीचा सल्ला दिला. “भाडं जास्त येतं, वेळेवर येतं. कुटुंब ठेवलं की पोरं भिंती रंगवतात, दिवसभर धावतात. दोन खोल्यांची फरशी अजून बाकी आहे. तिच्याखाली फोमची शीट टाकून घेऊ. खर्च थोडा वाढेल, पण वरचा आवाज खाली येत नाही. तुम्हाला शांत झोप लागेल.”

“कुटुंबच बघा,” ते म्हणाले. “लहान लेकरू असलेलं. भाडं कमी आलं तरी चालतंय.”

मी तसं लिहिलं.

“आणि ती शीट?” त्यांनी विचारलं. “तिच्यानं काहीच ऐकू येत नाही का?”

“जवळजवळ काहीच नाही.”

“मग ती नका टाकू, ताई. येऊ दे आवाज.”

मी ती ओळ खोडली आणि बेरीज पुन्हा केली.